दोन केगना दोन दाब: सेकंडरी रेग्युलेटर की मॅनिफोल्डचे व्हॉल्व?

फ्रिज ४ अंशांवर, एका केगमध्ये (बिअरच्या दाबबंद पिंपात) स्टाउट ही गडद बिअर (सुमारे २ व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या दुप्पट विरघळलेला गॅस; दाब ५-६ पीएसआय), दुसऱ्यात व्हीट बिअर (सुमारे ३ व्हॉल्यूम, १८ पीएसआय). कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मात्र एकच.

खर्चात मॅनिफोल्ड (एका गॅस-पाइपाला व्हॉल्व असलेले अनेक फाटे देणारा जोड) सरळ जिंकतो. मेहनतीत मात्र तो हरतो. एका केगचा व्हॉल्व बंद करून दुसऱ्यासाठी दाब बदलायचा, हे रोजचंच काम. ग्लास भरताना बंद केगमधला दाब उतरतो. तो भरून काढला नाही, तर केग रिकामा होत जाईल तशी बिअर मिळमिळीत होते. व्हॉल्वमध्ये चेक व्हॉल्व (गॅस एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर जास्त दाबाच्या केगमधून गॅस आणि फेस उलटा पाइपात शिरतो.

सेकंडरी रेग्युलेटर (सिलिंडरवरच्या मुख्य रेग्युलेटरनंतर केगसाठी लावलेला वेगळा दाब-नियंत्रक) एकदा लावला की दाब टिकतो. तो दाब फक्त कमी करतो, म्हणून मुख्य रेग्युलेटर २५ पीएसआयवर ठेवावा. दाब कमी करायला सेकंडरीचा नॉब सैल करूनही काटा हलत नसेल तर केगच्या झाकणावरची रिंग ओढून साठलेला गॅस सोडा. जोड वाढतात, तेव्हा गळतीसाठी प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासाच.

नळापर्यंतची नळी दोन्हीत सारखीच महत्त्वाची: ५ मिमी व्हिनाइलला दर पीएसआयमागे सुमारे ३० सेमी. १८ पीएसआयवर आखूड नळी म्हणजे ग्लासभर फेस.

केग आठवड्यात संपत असेल तर मॅनिफोल्ड पुरे. महिनाभर दोन्ही नळ चालू ठेवायचे असतील, तर सेकंडरीच घ्या.