घरच्या नोडला ४४नेटचा आयपी, काही महिने वापरल्यावर

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींसाठी लिहितोय. आमच्या ब्रॉडबँडला सीजीनॅट आहे (एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला), त्यामुळे ऑलस्टार नोडला (हॅम रेडिओचं इंटरनेटला जोडलेलं ठाणं) बाहेरून कोणी कनेक्टच होऊ शकत नव्हतं, म्हणून ४४नेटचा, म्हणजे हॅमसाठी राखलेल्या आयपी पत्त्यांतला, पत्ता घेतला. १९८१ पासून ४४ ने सुरू होणारे सगळे, म्हणजे १ कोटी ६७ लाख पत्ते हॅम रेडिओसाठी राखून होते. त्यातले साधारण ४० लाख २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनला विकले, पण उरलेल्यातला तुकडा लायसन्सवाल्याला आजही फुकट मिळतो. ४४नेटच्या पोर्टलवर कॉलसाइन (लायसन्सवरचं रेडिओ नाव) पडताळून घ्यायचा आणि अर्ज टाकायचा, बस.

पत्ता मिळणं सोपंय हो, खरं काम राउटिंगचं. ४४नेटवाल्यांचे गेटवे (नेटवर्क जोडणारी मशीन) एकमेकांशी थेट आयपीआयपी टनेल बांधतात (एका आयपी पॅकेटमध्ये दुसरं गुंडाळून पाठवायचं), हीच मेश, आणि कुठला सबनेट (पत्त्यांचा तुकडा) कोणाकडे हे कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या युनिव्हर्सिटीतल्या गेटवेकडून दर ५ मिनिटांनी रिपने (रूट कळवणारा प्रोटोकॉल) कळतं. सीजीनॅटमागे आयपीआयपी येतच नाही, म्हणून तो टनेल मुंबईतल्या एका व्हीपीएसवर (भाड्याचा सर्व्हर) उतरवलाय आणि तिथून घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकापर्यंत वायरगार्ड (एन्क्रिप्टेड टनेल). ४४ चा सोर्स असलेलं पॅकेट टनेलनेच बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर ब्रॉडबँडवाला ते टाकून देतो, त्यामुळे पॉलिसी राउटिंग (सोर्स बघून रस्ता ठरवणं) करावंच लागतं. एमएसएस क्लॅम्प (पॅकेटच्या आकारावर मर्यादा) पण लावा, नाहीतर पिंग मस्त चालतो आणि वेबपेज अर्ध्यात अडकतं.

जुन्या स्क्रिप्ट आंधळेपणाने उचलू नका! त्यात ४४.०.०.०/८ चा, म्हणजे ४४ च्या सगळ्याच पत्त्यांचा रूट असतो, तो ठेवला की अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या कितीतरी साइट उघडतच नाहीत. त्याऐवजी हॅमकडे उरलेल्या पत्त्यांचेच ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१० असे दोन रूट टाकायचे. आणि एएमपीआर डॉट ऑर्ग या ४४नेटच्या डोमेनमध्ये आपल्या पत्त्याची डीएनएस (नाव-पत्ता) नोंद केल्याशिवाय सॅन डिएगोवाला गेटवे इंटरनेटवरून आलेलं काही आत सोडत नाही, टनेल चालू दिसतो आणि माणूस उगाच फायरवॉल शोधत बसतो.

सगळं बसल्यावर मात्र पत्ता दगडासारखा स्थिर आहे. मेशमधल्या नोडशी बोलणं थेट होतं, आवाज स्वच्छ. पण साध्या इंटरनेटवरून पुण्यातला माणूस आला तरी पॅकेट कॅलिफोर्नियाला जाऊन येतं, उत्तरही तसंच, अर्ध्या सेकंदाच्या आसपास लॅग, आणि बोलताना तो जाणवतो. क्लबकडे मिळून /२४ (२५६ पत्त्यांचा तुकडा) असेल तर परवानगीपत्र घेऊन बीजीपीने (इंटरनेटला रूट कळवणारा प्रोटोकॉल) तो भारतातूनच अनाउन्स करा, माझ्या मते तोच खरा उपाय, एकट्याने परवडणारा नाही. डोंगरावरच्या रेडिओ लिंकवर मात्र वायरगार्ड नको, हॅम बँडवर एन्क्रिप्शन चालत नाही, तिथे साधं राउटिंगच ठेवा.