१०-१७ फिशआय: पाण्याखाली वर्षभर वापरून

कासवाच्या डोळ्याभोवतीचा खवला न् खवला स्वच्छ, आणि चारही कोपऱ्यांत प्रवाळाचा नुसता लगदा. माझ्या आधीच्या १०-२० मिमी वाइड लेन्सचे पाण्याखालचे बहुतेक फोटो असेच आहेत. जमिनीवर हीच लेन्स कडेपर्यंत खणखणीत होती, म्हणून मी आधी हाताला दोष दिला, मग कॅमेऱ्याला. खरी गोम डोममध्ये, म्हणजे लेन्ससमोरच्या अर्धगोल पारदर्शक झाकणात होती.

हाउसिंगला, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीला, सपाट काच लावली तर पाण्यात लेन्सचा कोन आक्रसतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३. डोम तो कोन परत मिळवून देतो, पण दृश्याची एक वक्र आभासी प्रतिमा काचेसमोर उभी करतो आणि लेन्स फोकस करते ती त्या प्रतिमेवर. मध्य जुळला की वाकलेल्या कडा फोकसबाहेर. कासव दोन मीटरवर असो की दहा, लेन्सच्या लेखी सगळं हातभराच्या आत! डोम लहान असेल तर आणखी अलीकडे. माझी १०-२० पाव मीटरच्या आत फोकसच करायची नाही, म्हणून तिला मोठा डोम. तो हवा भरलेला टोप दर डाइव्हला मनगटं पिळून काढायचा. ॲपर्चर एफ ११ पर्यंत लहान केलं की कोपरे जरा शुद्धीवर यायचे, इतकंच. (निकोनॉस या जुन्या पाण्याखालच्या कॅमेऱ्याची १५ मिमी लेन्स थेट पाण्यालाच भिडायची, डोमची भानगडच नाही. हवेत मात्र ती कुचकामी.)

शेवटी एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरसाठीची १०-१७ मिमी फिशआय झूम घेतली, म्हणजे खूप रुंद दिसणारी पण सरळ रेषा वाकवणारी लेन्स. घेतली ती नाक मुरडतच, कारण वाकलेली क्षितिजं मला बघवत नाहीत. पण बुडालेलं जहाज सोडलं तर पाण्याखाली सरळ रेषा असतात कुठे?

१० मिमीवर फ्रेमच्या कर्णात १८० अंश दिसतात आणि सेन्सरपासून १४ सेंटिमीटरवरही फोकस होतो, त्यामुळे १०० मिमीचा छोटा डोम पुरतो. एका सी फॅनपाशी (पंख्यासारख्या प्रवाळापाशी) डोम चार बोटांवर नेला. पुढे प्रवाळाचा एकेक पॉलिप (इवलासा जीव) मोजून घ्यावा असा, आणि मागे होडीचा तळ, सूर्य, सगळं एकाच फ्रेममध्ये. मधलं पाणी जितकं कमी तितका रंग खरा. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, आणि फ्लॅशच्या उजेडालाही तेच पाणी जाता-येता ओलांडावं लागतं.

त्रास आहेतच. १० वर फ्लॅश जरा पुढे आला की कोपऱ्यात पांढरा गोळा दिसतो, म्हणून फ्लॅशचे दोन्ही दांडे डोमच्या मागे ओढून ठेवावे लागतात. फार जवळ गेलं की डोमचीच सावली विषयावर पडते. आणि बुजरे प्राणी विसरा: शार्क पाच मीटरवर थांबला की फोटोत त्या माशाची माशी होते. जहाजावर मी सरळ १७ लावते, डोलकाठ्या जरा कमी वाकतात.

छोटा डोम ॲक्रिलिकचा आहे. तिसऱ्याच डाइव्हला तो खडकाला घासला आणि माझा जीव गेला. पाण्यात तो ओरखडा दिसतच नाही, पाणी भरून काढतं. अर्धं पाणी, अर्धं आकाश असा फोटो काढला तेव्हा मात्र ढगांच्या मधोमध उमटला. १०-२० विकून टाकली, पण तेवढ्या कामासाठी मोठा टोप अजून ठेवलाय.