भूतानचं शुल्क की नेपाळची चहाघरं?

शेजारी देश, हिमालय तोच. पण पर्यटकाचा पैसा गरिबापर्यंत पोचण्याच्या वाटा अगदी वेगळ्या.

भूतानने १९७४ मध्ये पर्यटकांसाठी दार उघडलं तेच जपून. २०२२ मध्ये माणशी रात्रीचं शुल्क २०० डॉलर केलं, पुढच्या वर्षी १०० वर आणलं. भारतीयांना १२०० रुपये. पैसा सरकारकडे जातो. तिथे मूलभूत उपचार मोफत आहेत, त्यामुळे पर्यटक कधीच न पोचणाऱ्या खेड्यालाही त्यातून काही मिळू शकतं. पर्यटक घटले की मात्र आधी रिकामे बसतात ते गाइड आणि ड्रायव्हर.

नेपाळमध्ये अन्नपूर्णा पर्वताच्या ट्रेकच्या वाटेवर घरातच दोन-चार खोल्या काढून, डाळ-भात रांधून कुटुंब थेट रोख कमावतं; हीच ती चहाघरं. संवर्धन क्षेत्राच्या प्रवेशशुल्कातून गावाची कामंही होतात. पण वाटेपासून लांबच्या गावाचं काय? आणि वाटेवरच्या गावातही लॉज बांधतो तो जमीनवाला. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्या पाठीवर दुसऱ्याचं ओझं, कपाळाला नाम्लो, म्हणजे ओझं पेलायचा पट्टा.

तरी मी नेपाळची पद्धत निवडेन, कारण पैसा बाईच्या चुलीपाशी येतो. फक्त ट्रेक ठरवताना भरियाची, म्हणजे ओझं वाहणाऱ्या हमालाची मजुरी, विमा आणि गरम कपडे यांची चौकशी आधी करा, घासाघीस नको.