द्रासचे कारगिल युद्धस्मारक: दोन तास हाताशी ठेवूनच जावे असे ठिकाण

श्रीनगरहून लेहकडे जाणाऱ्या महामार्गावर द्रास गाव मागे टाकून पाच-सहा किलोमीटर पुढे गेले की तोलोलिंगच्या पायथ्याशी भारतीय सैन्याने उभारलेले कारगिल युद्धस्मारक लागते. लडाखच्या जवळजवळ प्रत्येक सहलीत त्याचा समावेश असतो. परंतु ते वाटेत उतरून, छायाचित्रे काढून पुढे निघण्याचे ठिकाण समजले जाते, आणि माझी तक्रार नेमकी याविषयी आहे. आमच्या सहल कंपनीने, जिचे नाव मी येथे घेत नाही, सोनमर्ग ते कारगिल या दिवसभराच्या प्रवासात स्मारकासाठी चाळीस मिनिटे राखली होती. झोजी ला खिंड ओलांडताना गाड्यांच्या रांगेत गेलेला वेळ त्यातूनच वजा झाला आणि आमच्या वाट्याला जेमतेम पंचवीस मिनिटे आली. जवानाने माहिती सांगायला सुरुवात केली, तोच व्यवस्थापकाने शिट्टी वाजवून आम्हाला गाडीकडे बोलावले. समोर उभा राहून कोणी आपल्या पलटणीच्या माणसांविषयी बोलत असताना पाठ फिरवून निघून जाण्याची जी शरम वाटली, ती पुढचे चार दिवस गेली नाही. म्हणून लेहहून परतताना आम्ही चौघांनी वेगळी गाडी केली आणि सबंध सकाळ तेथे काढली. हे परीक्षण त्या दुसऱ्या भेटीचे आहे.

प्रवेशद्वारावर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते; प्रवेशासाठी शुल्क नाही. आत गेल्यावर दोन्ही बाजूंना झेंडे लावलेला विजयपथ सरळ अमर ज्योतीपर्यंत जातो. तिच्यामागे हुतात्म्यांची नावे कोरलेली गुलाबी वालुकाश्माची भिंत आहे, आणि त्या भिंतीच्याही मागे उघडाबोडका, गवताचे पातेही नसलेला तोलोलिंग उभा आहे. तोफा आणि विमान इतर सैनिकी संग्रहालयांतही पाहायला मिळतात. येथे मात्र ज्या डोंगरासाठी लढाई झाली तो डोंगर आणि ज्यांनी ती लढली त्यांची नावे एकाच नजरेत येतात, आणि त्या दोहोंच्या मधोमध सेवेतला एक जवान उभा राहून आपल्याशी बोलतो. या ठिकाणाचे सारे मोल माझ्या मते या बोलण्यात आहे.

पर्यटकांचा एक गट जमला की जवान हिंदीतून निवेदन सुरू करतो. तो प्रथम बोट दाखवतो ते शिखराकडे नव्हे, तर आपण ज्यावरून आलो त्या रस्त्याकडे. 1999 च्या उन्हाळ्यात घुसखोर या उंचीवर बसले होते. लेहकडे रसद नेणारा हा मार्ग त्यांना वरून स्पष्ट दिसत होता आणि त्यावर ते तोफांचा मारा करवू शकत होते, हे एकदा रस्त्याकडे आणि एकदा माथ्याकडे पाहिल्यावर नकाशाशिवाय कळते. मग तो चढाईविषयी सांगतो. लपायला झाड नाही, झुडूप नाही, वर खंदकात बसलेला शत्रू आणि खालून रात्रीच्या अंधारात चढणारी माणसे. मेच्या अखेरीस 18 ग्रेनेडियर्सचे मेजर राजेश अधिकारी याच डोंगरावर धारातीर्थी पडले; 13 जूनला 2 राजपुताना रायफल्सने तोलोलिंग जिंकला आणि मेजर विवेक गुप्ता त्या हल्ल्यात कामी आले. पुढे 4 जुलैला टायगर हिल हाती आली, हे सांगताना त्याने दूरवरचा तो टोकदार सुळका दाखवला.

निवेदनात ‘पॉइंट 4875’, ‘पॉइंट 5140’ असे शब्द वारंवार येतात आणि पुष्कळांना त्यांचा अर्थ लागत नाही, असे मी दोन्ही वेळा पाहिले. हे आकडे म्हणजे त्या शिखरांची मीटरमधील उंची होय. आपण उभे असतो ती जागा सुमारे 3,300 मीटरवर आहे आणि तेथे वीस पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. हे लक्षात ठेवून ते आकडे ऐकावेत. कॅप्टन विक्रम बत्रा ज्या पॉइंट 4875 वर लढताना गेले त्याला आता बत्रा टॉप म्हणतात, आणि पॉइंट 5140 ला 2022 मध्ये तोफखान्याच्या सन्मानार्थ गन हिल हे नाव देण्यात आले. या युद्धात चौघांना परमवीर चक्र मिळाले. त्यांपैकी योगेंद्रसिंह यादव आणि संजय कुमार हे ते हयातीत स्वीकारणारे दोघे. कॅप्टन मनोज पांडे यांच्या नावाचे दालन आवारातच आहे. तेथील छायाचित्रे व युद्धातील वस्तू निवेदन ऐकल्यानंतर पाहाव्यात; आधी पाहिल्यास ती नुसती छायाचित्रेच राहतात.

निवेदन संपल्यावर मोकळेपणाने बोलता येते, आणि तेथेच थोडे भान ठेवण्याची गरज आहे. आमच्या गटातील एका गृहस्थांनी सध्या तुमची चौकी कुठे आहे, वर किती माणसे असतात, असे विचारले. जवान नम्रपणे हसला आणि त्याने थंडीचा विषय काढला. असे प्रश्न विचारूच नयेत. त्याउलट एका मुलीने, हिवाळ्यात इथे पारा उणे वीसच्याही खाली जातो तेव्हा तुम्ही बूट कसे वाळवता, असे विचारले, तेव्हा तो खुलला आणि दहा मिनिटे बोलत राहिला. आमचे मराठी कानावर पडताच फाटकाजवळचा दुसरा एक जवान मुद्दाम चालत आला. सहल कशी झाली वगैरे त्याने काही विचारले नाही. ‘‘ताई, तिकडं पाऊस झाला का?’’ एवढेच त्याने विचारले. पेरण्या उरकल्या असतील असे मी म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि घरी फोन लागला नाही म्हणून विचारले, असे सांगितले.

भिंतीच्या एका बाजूला वीरभूमी आहे. हुतात्म्यांच्या नावाच्या शिळा तेथे ओळीने उभ्या आहेत. या युद्धात 527 सैनिकांना वीरमरण आले, हा आकडा मी अनेकदा वाचला होता; त्या ओळींमधून चालताना नाव, हुद्दा, पलटण असे एकेक वाचत गेले की तो आकडा राहत नाही. तेथेच एका लहान मुलाने चॉकलेटचा कागद टाकला. त्याचे आईवडील छायाचित्रात गुंतले होते. पहाऱ्यावरच्या जवानाने काही न बोलता तो कागद उचलला, घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला.

जाणाऱ्यांनी सहल ठरवतानाच कंपनीकडून स्मारकासाठी दोन तास लिहून घ्यावेत. सकाळी लवकर पोहोचल्यास गट लहान असतो आणि वारा कमी असल्याने निवेदन नीट ऐकू येते. उन्हाळ्यातही अंगावर गरम कपडे हवेत. 26 जुलैच्या विजय दिवसाच्या सुमारास शहिदांचे कुटुंबीय येतात व कार्यक्रम असतात. त्या दिवसांत निवांत बोलणे होणार नाही, हे धरून चालावे. इतर रणभूमींनाही भेट द्यायची असल्यास 2025 च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘भारत रणभूमी दर्शन’ या संकेतस्थळावर ठिकाणांची व परवानग्यांची माहिती मिळते.

दुसऱ्या भेटीत निवेदन करणारा जवान पहिल्या भेटीतलाच होता. रोज कितीतरी गटांना तो हेच सांगत असणार. तरी 12-13 जूनच्या रात्रीपाशी आल्यावर तो क्षणभर थांबला, वळून तोलोलिंगकडे पाहिले आणि मगच पुढचे वाक्य उच्चारले. त्या दिवशी शिट्टी झाली होती ती नेमकी याच वाक्याच्या आधी.