लिव्हरपूलसारखं थांबायचं की एव्हर्टनसारखं निघायचं?

मँचेस्टर युनायटेडच्या नव्या स्टेडियमचा विषय निघाला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या मंडळीत लगेच दोन तट पडतात. आताच्या मैदानाची, ओल्ड ट्रॅफर्डची, डागडुजी करून ते ८७ हजार आसनांपर्यंत न्यायचं, की शेजारीच एक लाखाचं नवं बांधायचं, असे दोन पर्याय क्लबसमोर होते. मार्च २०२५ मध्ये क्लबने नव्याचा आराखडा दाखवला. त्याआधी चाहत्यांचा कौल घेतला, त्यात निम्म्याहून थोडे अधिक नव्याच्या बाजूचे निघाले. तेव्हा मीही त्यांच्यातलाच होतो. आज नाही. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं ऐकाल तर मँचेस्टर थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी लिव्हरपूल शहराकडे बघा. युनायटेडच्या माणसाला हे लिहायला जड जातं, पण तुलना करायला याहून चांगली जोडी मिळायची नाही. अ‍ॅनफिल्ड हे लिव्हरपूल क्लबचं मैदान आणि गुडिसन पार्क हे एव्हर्टनचं, यांच्यामध्ये एक बाग, अंतर मैलभरही नाही. दोन्ही क्लबांची अडचण एकच होती : मैदान जुनं, चारही बाजूंनी घरं, आणि तिकिटांना मागणी अमाप. लिव्हरपूलनेही नव्या स्टेडियमचे बेत वर्षानुवर्षं केले होते. शेवटी २०१२ मध्ये त्यांनी आहे तिथेच राहायचं ठरवलं. एव्हर्टन मात्र निघाले.

एव्हर्टनचं आधी सांगतो, कारण ते कुणालाही मोह पाडणारं आहे. गुडिसनवर ते १८९२ पासून खेळत होते. खांबांमुळे कित्येक जागांवरून अर्धा गोल दिसायचा नाही. आसनं सुमारे ३९ हजार. एका कोपऱ्यात, दोन स्टँडच्या मधोमध, सेंट ल्यूकचं चर्च. देवळाच्या नाही तर कपेलाच्या बाजूच्या मैदानावर वाढलेल्या आपल्या माणसाला ते चित्र लगेच आपलंसं वाटतं. मे २०२५ मध्ये पुरुष संघाचा तिथला शेवटचा सामना झाला आणि ऑगस्टमध्ये ते गोदीवरच्या, जवळपास ५३ हजारांच्या नव्या स्टेडियमवर गेले. पहिल्याच लीग सामन्यात ब्रायटनला २-० हरवलं. जुनं मैदान पाडलं नाही, महिला संघाला दिलं. जायचंच असेल तर असं जावं, याबद्दल माझं दुमत नाही. किंमत मात्र शहरानेही मोजली. २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचं नाव जागतिक वारसा यादीतून काढलं, त्यामागच्या कारणांत हे स्टेडियमही होतं. जुन्या गोव्याच्या चर्चना तोच दर्जा असल्यामुळे, असं नाव जाणं म्हणजे काय ते आपल्याला समजवायला नको.

लिव्हरपूलचा रस्ता दिसायला कंटाळवाणा. एक स्टँड वाढवा, सामने चालू ठेवा, काही वर्षांनी दुसरा. मुख्य स्टँड २०१६ मध्ये उघडला, तेव्हा आकडा ५४ हजारांपर्यंत गेला. मग अ‍ॅनफिल्ड रोडची बाजू वाढवून ६१ हजारांवर. त्या दुसऱ्या कामात कंत्राटदार कंपनीच बुडाली आणि वरचा मजला महिनोन्‌महिने बंद राहिला. मुख्य स्टँडसाठी मागच्या गल्लीतली घरंही पाडावी लागली. तेव्हा हा रस्ता स्वच्छ आहे, असं मी म्हणणार नाही. पण संघाने घर सोडलं नाही आणि गोलमागच्या ‘कॉप’ या प्रसिद्ध स्टँडमधले चाहते कॉपमध्येच राहिले.

माझं मत फिरलं ते मात्र यातल्या कशामुळेच नाही.

माझा भाचा उजव्या बगलेवर खेळतो. लहानपणापासून त्याला भात कापलेल्या शेतात पाहत आलोय, वायंगण (भाताचं दुसरं पीक) घेत नाहीत अशा शेतात, मेरेवर म्हणजे बांधावर उभं राहून. तिथे मेर हीच टचलाइन. बॉल अंगावर येतो, चिखल उडतो, पोरांचं धापा टाकणं कानाशी ऐकू येतं. दोन-तीन वर्षांपूर्वी गोव्यातल्याच एका मोठ्या स्टेडियमवर त्याचा सामना होता. जागा छान, खुर्च्या नव्या. पण मैदानाभोवती धावपटूंचा ट्रॅक, आणि ट्रॅकच्या अलीकडे आणखी मोकळी जागा. रेफ्रीने शिट्टी तोंडाला लावलेली आधी दिसायची, आवाज मागाहून. दुसऱ्या हाफमध्ये पलीकडच्या कोपऱ्यात कुणीतरी पडला. जर्सीवरचा नंबर दिसेना. बाजूच्याने विचारलं, ‘कोण रे तो?’ मला सांगता आलं नाही. स्ट्रेचर आमच्या बाजूने आणलं तेव्हा निळे बूट दिसले. चवथीला मीच घेऊन दिलेले.

घोटा मुरगळला होता, पंधरा दिवसांत बरा झाला. पण स्टँडमध्ये बसून आपलंच पोर आपल्याला ओळखता येऊ नये, हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. तेव्हापासून कुठल्याही स्टेडियमचं चित्र समोर आलं की मी आधी एकच बघतो : शेवटच्या रांगेतल्या माणसाला खेळाडू ओळखता येईल का?

लंडनच्या वेस्ट हॅम क्लबच्या लोकांना हे विचारून बघा. ११२ वर्षांचं अप्टन पार्क सोडून २०१६ मध्ये ते ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमवर गेले. आसनं कितीतरी वाढली, पण मैदान लांब गेलं, आणि त्यांची ती तक्रार आजही संपलेली नाही. युनायटेडच्या नव्या आराखड्यात ट्रॅक नाही, हे मान्य. टॉटनहॅमने तर नव्या जागेतही १७,५०० लोकांचा एकसलग स्टँड अगदी गोलपोस्टच्या मागे आणून दाखवला. नवं म्हणजे लांबच, असं काही नसतं. पण टॉटनहॅमचं स्टेडियम ६२ हजारांवर थांबतं. एक लाख माणसं बसवायची तर काहींना फार वर जावं लागणार. २०० कोटी पौंडांचा खर्च भरून काढायचा तर तिकीटही वर जाणार, अशी भीती वाटते. २०२४ मध्ये हंगामाच्या मध्यावर युनायटेडने सदस्यांची उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांची केली, मुलांना आणि वृद्धांना सवलत नाही, तेव्हा किती संताप झाला होता ते आठवा.

डागडुजीच्या बाजूने बोलताना दोन गोष्टी लपवता येत नाहीत. पहिली, छप्पर. मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या सामन्याला ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून पाण्याच्या धारा लागल्या, साऱ्या जगाने पाहिलं. दुसरी, सर बॉबी चार्ल्टन स्टँडच्या पाठीला लागून जाणारा रेल्वेमार्ग. तिथे वाढवायचं तर रुळांवरून बांधावं लागणार. काम अवघड, वेळखाऊ. नव्या आराखड्यात तर पावसाचं पाणी साठवणारी प्रचंड छत्री आहे, आणि आपल्याकडच्या आषाढात ती कल्पना कुणाला आवडणार नाही!

तरीही गळकं छप्पर बदलता येतं. आमच्या मडगावच्या फातोर्ड्याचंच घ्या. १९८९ चं स्टेडियम, २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धेसाठी (पोर्तुगीजशी नातं असलेल्या देशांच्या) सुधारलं. काम चालू होतं त्या काळात आम्ही आय-लीगचे सामने म्हापशाला दुलेरच्या मैदानावर पाहिले, गैरसोय सोसली. पण परत गेलो ते त्याच जागी. तिथेच २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक खेळला गेला. पाडलं असतं तर कदाचित याहून देखणं काही उभं राहिलं असतं, नाही कोण म्हणतो? पण १९४१ च्या बॉम्बहल्ल्यातून पुन्हा उभं राहिलेलं ओल्ड ट्रॅफर्ड, त्याच्या भिंतीवरचं, १९५८ च्या म्युनिक विमान अपघाताची आठवण जपणारं घड्याळ, हे सगळं रस्ता ओलांडून नेताना काय उरेल, याची मला खात्री वाटत नाही.

भाचा अजून नव्याच्याच बाजूचा आहे. त्याला मी एवढंच सांगितलंय, आणि तुम्हालाही तेच सांगेन : फातोर्ड्याच्या पुढच्या सामन्याला पहिला हाफ सगळ्यात वरच्या रांगेत बसून बघा, जमलं तर दुसरा सगळ्यात खाली. मग कुठला पर्याय ते ठरवा. तिकिटं मी काढतो.