श्रद्धा समजून घ्यावी की तपासावी?

धर्माच्या तत्त्वज्ञानात प्रबंध लिहायचा तर आधी एक ठरवावं लागतं: श्रद्धेतले दावे खरे की खोटे यात शिरायचं, की ते माणसाच्या जगण्यात काय करतात एवढंच पाहायचं? मी दोन्ही वाटांनी थोडाथोडा चाललो आहे.

दुसऱ्या वाटेचं मोल मला आजही वाटतं. निनियन स्मार्ट यांनी १९६७ मध्ये लँकेस्टर विद्यापीठात धर्म-अभ्यासाचा विभाग उभा केला आणि खरं-खोटं बाजूला ठेवून विधी, कथा, अनुभव न्याहाळायला शिकवलं. प्रार्थना म्हणजे देवाकडून काम करून घेण्याची खटपट नव्हे, हे वेल्समधल्या स्वान्सीच्या डी. झी. फिलिप्स या तत्त्वज्ञांनी फार हळुवारपणे दाखवलं. मीही तसंच लिहायला घेतलं.

अडलं ते आमच्या माळकरी काकांपाशी. मोठ्या आजारपणात पांडुरंग उशाशी येऊन बसला होता, हे त्यांनी मला तासभर सांगितलं. शेवटी विचारलं, "मग, तुला काय वाटतं? आला होता ना?" मी म्हणालो, अभ्यासक म्हणून मला त्यावर मत देता येत नाही. ते गप्प झाले. मग म्हणाले, "मी तुला घडलेलं सांगितलं रे. तू नुसतं मला काय वाटतं ते लिहून घेतलंस." मी आदर म्हणून जे टाळलं, ते त्यांना टाळणंच वाटलं. ही बोच काही केल्या जाईना. बहुतेक श्रद्धावंत आपलं म्हणणं खरं म्हणूनच सांगतात.

तपासण्याच्या वाटेवरही खड्डे आहेत. ख्रिस्ती तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न संभाव्यता काढायच्या बेझच्या सूत्राने येशूच्या पुनरुत्थानाची शक्यता ९७ टक्क्यांच्या घरात नेतात; मला ते आकडे पटत नाहीत. पण त्यांची प्रत्येक पायरी उघडी असते. नेमकी कुठली पटली नाही, ते बोट ठेवून सांगता येतं.

आणि तपासणं म्हणजे तुच्छ लेखणं असंही नाही. अकराव्या शतकात विक्रमशीला या बौद्ध विद्यापीठातल्या रत्नकीर्तींनी नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, ईश्वराविषयीचं अनुमान खोडलं, पण त्याआधी तो पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, सविस्तर मांडला. नैयायिक उदयनाचार्यांनीही बौद्धांचे आक्षेप तितक्याच गांभीर्याने घेऊन ईश्वराची बाजू लढवली.

तुमचा विषय एखादा विधी किंवा यात्रा असेल, तर स्मार्टांची वाट कदाचित पुरेल. दावाच विषय असेल, तर मी तरी तपासायला सांगेन. पुढे काकांकडे जाऊन मला काय पटत नाही ते मी सांगितलं. वाद रात्री उशिरापर्यंत चालला, आणि या वेळी ते गप्प झाले नाहीत.