सेल्फ मारतेय पण स्टार्ट होत नाही: जुन्या गाडीवर स्वस्तातला ओबीडी स्कॅनर, काही महिन्यांनंतर

गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं त्या वयाच्या कुठल्याही गाडीला होऊ शकतं. सकाळी अर्ध्या सेल्फला चालू, पण खंबाटकी चढून सुरूरला वडापावला थांबलं की निघताना नुसतं कर्रर्र कर्रर्र, सेल्फ एकदम जोरात फिरतोय, बॅटरी टकाटक, आणि इंजिन काही पकडत नाही. अर्धा-पाऊण तास बोनेट उघडून बसा, मग जणू काही झालंच नाही अशी चालू. गॅरेजात पोचेपर्यंत थंड झालेली असते, मग तिथे काय डोंबल सापडणार, एकाने प्लग बदलले, दुसरा थेट फ्युएल पंप बदला म्हणाला. त्या वैतागात हजाराच्या आतला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मागवला, म्हणजे गाडीच्या पोर्टला लावला की गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती मोबाईलवर दाखवणारं यंत्र.

बिघाडाचे कोड वाचायला म्हणून घेत असाल तर आधीच सांगतो, माझ्याकडे कोड बरेच दिवस पडलाच नव्हता, चेक इंजिनची लाईटपण नाही. पैसे वसूल झाले ते लाइव्ह डेटामुळे. गाडी गरम असताना अडली तेव्हा बायकोला सेल्फ मारायला सांगितलं आणि मी मोबाईलवर फक्त आरपीएम उघडून बसलो. सेल्फ फिरताना तिथे साधारण २०० ते २५० दिसायला हवं, माझ्याकडे ठार शून्य. म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) कळतच नाहीये, मग तो ना स्पार्क देणार ना इंजेक्टर उघडणार. संशय क्रँक सेन्सरवर, इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा तोच. पण वायर तुटली किंवा कनेक्टर ढिला असला तरी शून्यच येतं, म्हणून आधी कनेक्टर काढून पिना बघितल्या, वायर ओढून बघितली, सगळं ठीक. मग सेन्सरवर ओला फडका धरला, थोड्या वेळात पहिल्या सेल्फला चालू! गरम झाला की आतून ओपन व्हायचा, म्हणजे सर्किट तुटायचं, गार झाला की परत जुळायचा. नवीन बसवला, तेव्हापासून घाट कितीही चढा, त्रास नाही.

पण याच्या भरवशावर मल्टिमीटर फेकून देऊ नका. मेहुण्याची गाडी अशीच बंद पडली होती, तिथे आरपीएम व्यवस्थित दिसत होता. माझ्या काय त्याच्या काय, असल्या जुन्या गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर स्क्रीनवर येतच नाही, तिथे कानच लागतो. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद झुंssं असा पंपाचा आवाज यायला पाहिजे, तो नव्हता. हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) पंपाच्या रिलेच्याच नंबरचा होता, दोघांची अदलाबदल केली, झाली चालू. आणि स्कॅनरला पॉवर आहे, चावी ऑन आहे, एरवी जोडला जातो पण आज ईसीयूशी बोलतच नाही असं झालं तर आधी फ्यूज आणि मेन रिले बघा. इमोबिलायझरची (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेची) लाईट लुकलुकत असेल तर बाकी सगळं सोडा, दुसरी चावी लावून बघा. अजून एक, कूलंटचं तापमान उणे ४० दाखवत असेल तर तो सेन्सर किंवा त्याची वायर गेली, ईसीयूला वाटतं कडाक्याची थंडी आहे आणि तो पेट्रोल ओततो, प्लग ओले. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, बहुतेक गाड्यांत इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेलं पेट्रोल निघून जातं.

आता तक्रारी. सेल्फ मारला की व्होल्टेज पडतं आणि नेमका तेव्हाच हा स्कॅनर डिस्कनेक्ट होतो, बॅटरी जरा जरी मंद असेल तर हमखास. जुन्या गाड्या के-लाईनवर (स्कॅनरशी बोलायची जुनी, संथ पद्धत) बोलतात, तिथे डेटा रांगत येतो, म्हणून स्क्रीनवर एकच आकडा ठेवायचा, दहा मीटर लावून बसलात तर सेल्फ संपेल पण आकडा हलणार नाही. काही नकली चिपवाले तर के-लाईनला जोडलेच जात नाहीत, माझा पहिला पीस तसाच निघाला, परत केला. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊच नका, वायफाय किंवा बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) लिहिलेला बघा. आणि काम झालं की पोर्टमधून काढून ठेवा, तिथे चावी बंद असतानाही करंट असतो, गाडी आठवडाभर उभी राहिली तर जुनी बॅटरी उतरवून टाकेल.

२०१३ च्या आधीची गाडी असेल तर रिटर्न घेणाऱ्याकडूनच मागवा, पोर्ट १६ पिनांचं दिसलं म्हणजे स्कॅनर चालेलच असं नाही.